दादाच्या सगळ्या गोळ्या एकत्र बघणारं कोणी आहे का? (लिथियम + बीपी + गुडघे)

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मोठा भाऊ, वय 61, सांगलीला असतो. बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार). 22 वर्षं लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) आहे आणि त्यावर नोकरी पूर्ण करून रिटायर झाला. मार्चमध्ये फिजिशियननी बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी सुरू केली. मेमध्ये हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक 'दुखलं तरच' म्हणून दिलं, ते हा रोज दोनदा घेत होता. त्यात तिकडचा उन्हाळा.

जूनमध्ये बशीतला चहा सांडायला लागला तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं. हात थरथरणं, जुलाब, चालताना झोकांड्या. एका ठिकाणी कंपवाताची शंका घेऊन आणखी एक गोळी वाढवली! शेवटी मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी लिथियमची पातळी तपासली, 1.7 निघाली. एरवी ते 0.8 च्या आत ठेवतात. ॲडमिट, सलाइन. आता बरा आहे.

बीपीच्या गोळीतले दोन्ही घटक आणि ती पेनकिलर, तिन्हींमुळे मूत्रपिंडातून लिथियम कमी बाहेर पडतं, हे नंतर कळलं. पण फायली तीन, डॉक्टर तीन. आणि खरी गोम म्हणजे दादा लिथियमचं कुणाला सांगतच नाही. "सांगितलं की छातीत दुखलं तरी म्हणतात मनाचं आहे." हे त्याचं अगदीच खोटं नाही, म्हणून भांडताही येत नाही.

परदेशात मानसोपचारतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट मिळून अशा पेशंटची औषधं तपासतात म्हणे. आपल्याकडे कोणी असं करून घेतलंय का? मोठ्या हॉस्पिटलातले फार्म.डी. (फार्मसीतली पदवी) झालेले लोक बाहेरच्या पेशंटची यादी बघतात का? आणि डॉक्टरांना "तुम्ही त्यांच्याशी बोला" म्हणणं आगाऊपणा होतो का?

प्रतिसाद 1
आगाऊपणा कसला, हक्कानं म्हणा. आईच्या वेळी (क्लोझापिन हे मानसिक आजारावरचं औषध + शुगर) आम्ही एका पिशवीत घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, चूर्णं, काढे भरून मानसोपचारतज्ज्ञांच्या टेबलावर ओतले. दोन गोळ्या तर एकच औषध निघालं, नावं वेगळी. त्यांच्याकडून फिजिशियनच्या नावे चिठ्ठी घ्या: लिथियम चालू आहे, नवीन औषधाआधी कळवा. चिठ्ठी डॉक्टरांची असली की दादांना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागत नाही. मात्र मनानं काही बंद करू नका. पातळीचं रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी द्यायचं, लॅबवाले विचारत नाहीत. लिथियमवर असताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि थायरॉइड बघावं लागतं, शेवटचं कधी केलंय?

धागाकर्ता
थायरॉइड दोन वर्षांपूर्वी. लाज वाटली लिहिताना. चिठ्ठीचं दादाला पटेल असं वाटतं. रविवारी पिशवी भरायला जातोय. वहिनी म्हणाली, आधी देव्हाऱ्याखालचा डबा बघा.