तीन विद्यार्थी, तीन वयं, एकच पुस्तक: क्लॅरिनेट कसं शिकवू?

दादरची_फुंकर
हिंदू कॉलनीत घरीच क्लॅरिनेट शिकवते, आठ महिने झाले. सध्या तिघं येतात.

छोटा साडेसात वर्षांचा. वरचे पुढचे दोन्ही दात गेल्या महिन्यात पडले, आता माऊथपीस (तोंडात धरायचा भाग) टेकवायला जागाच नाही. काका ६३ वर्षांचे, वरची कवळी आहे. नोटेशन झरझर वाचतात, रोज तासभर बसतात, पण खालच्या ओठाने रीड (माऊथपीसवरची थरथरणारी पातळ पट्टी) इतकी दाबतात की सूर गुदमरतो. तिसरा १९ वर्षांचा, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. ऐकलेलं काहीही दोन मिनिटांत उचलतो, पण खालून वरच्या सुरांत जाताना हमखास चिरकतं.

मला जसं शिकवलं तसंच मी तिघांना शिकवत आले: एकच पुस्तक, पहिल्या पानापासून. मागच्या शनिवारी काका म्हणाले, "बाई, मला एक अभंग नीट वाजवता आला तरी पुरे." तेव्हापासून चैन नाही. मी त्यांचा वेळ वाया घालवतेय का? तिघांचा क्रम वेगळा ठेवला तर पाया कच्चा राहील का?

लालबागचा_बँडवाला
ताई, आमच्या घरात ही तिसरी पिढी वाजवतेय, मी २२ वर्षं शिकवतोय. पाया एकच असतो, फुंक. पुस्तक नव्हे.

आधी बँडवाल्या पोराचं सांगतो, कारण तो मीच होतो. तो मनात बासरी-सनईचा हिशेब धरून वाजवत असणार. सनईची नळी खाली फाकत जाते, तिथे वरची फुंक बरोबर एक सप्तक वर जाते. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सरळ आणि रीडच्या बाजूने बंद, म्हणून रजिस्टरची की (मागची, डाव्या अंगठ्याची) उघडली की 'सा'चा थेट तार सप्तकातला 'प' होतो. त्यामुळे मधल्या जागेत बोटांचा हिशेब बदलतो. हे मला वयाच्या पंचविशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, मी आपला जोरात फुंकत राहिलो. त्याला सगळी बोटं झाकून खालचा लांब सूर धरायला लावा आणि तो फुंकत असताना मागची की तुम्ही तुमच्या बोटाने उघडा. त्याने काहीही बदलायचं नाही. वरचा सूर आपोआप निघतो, तेव्हा त्याचा चेहरा बघा! मग उजव्या हाताची बोटं झाकलेलीच ठेवून मधला 'ए' हा सूर वाजवायला शिकवा, म्हणजे पुढच्या 'बी'वर जाताना नऊ बोटांची धावपळ होत नाही. त्याचं वाद्य बोएम सिस्टिमचं (म्हणजे आजच्या नेहमीच्या चाव्यांच्या रचनेचं) आहे का तेही बघून घ्या, जुन्या वाद्यांत बोटं वेगळी पडतात. नोटेशन नंतर. आधी एवढंच सांगा की त्याच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवरचा 'सी' म्हणजे पेटीची काळी पाच. एवढ्यावर तो स्वतःच विचारत येईल.

काकांना नुसतं माऊथपीस आणि बॅरल (त्याखालचा आखूड तुकडा) जोडून फुंकायला सांगा. पेटीच्या काळी तीनच्या आसपास सूर यायला हवा. त्याहून चढा आला तर ते दाबताहेत. हे त्यांना कानाने कळेल, तुम्हाला दहा वेळा "सैल सोडा" म्हणावं लागणार नाही. रीड अडीच नंबरची असेल तर दीडवर या, नंबर कमी तितकी रीड मऊ.

आणि अभंग आजच सुरू करा. पाच-सहा सुरांत बसेल असा निवडा.

कवळीवाला_विद्यार्थी
मी ५८ व्या वर्षी सुरुवात केली, माझीही वरची कवळी. काका दाबतात ते हट्टाने नाही, भीतीने. वरच्या दातांवर वाद्याचा भार आला की कवळी हलते, मग माणूस खालून आवळून धरतो. मला दोन गोष्टींनी फरक पडला: माऊथपीसवर रबरी पॅच, आणि वरचा ओठही दातांवर दुमडून धरणं. पहिले पंधरा दिवस ओठ लवकर दमतो, दहा मिनिटांवर जाऊ नका.

पार्ल्याची_आई
माझ्या मुलीचेही दात असेच पडले होते. तिच्या सरांनी दात येईपर्यंत फुंकणं जवळपास थांबवलं. गाऊन घेतलं, टाळ्यांवर लय घेतली, न फुंकता बोटं बसवली. वाद्याचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर येतो, म्हणून गळ्यात पट्टाही लावला. पावसाळा आहे, छोट्याच्या रीड पेटीत ओल्या ठेवू नका, बुरशी धरते. आमच्या दोन गेल्या.

दादरची_फुंकर
दादा, काल संध्याकाळी त्याची की मी उघडली. वरचा सूर स्वच्छ लागला. तो थांबून म्हणाला, "परत करा." सात वेळा केलं, आठव्यांदा त्याने स्वतः उघडली.

काका शनिवारी येतील. भीतीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आठ महिने मी त्यांना नुसतं टोकत होते. पॅच किती जाडीचा घेतलात?

कवळीवाला_विद्यार्थी
०.८ मिमी. पातळ घेऊ नका, कवळीवर थरथर जाणवत राहते.