मदत हवी आहे: नवीन उपक्रमाच्या मंजुरीचा प्रस्ताव नेमका कोणाकडे पाठवावा?

करवीर तालुक्यातील आमच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आठवड्यातून दोन गणिताच्या तासिका गुऱ्हाळावर घ्यायच्या आहेत, कारण ढेपेला हात लावून वजनाचा अंदाज बांधणारी मुले तेच उदाहरण वहीत अडखळत सोडवतात. पाठ्यपुस्तक तेच राहील, पालकांवर खर्च पडणार नाही आणि मुले रस उकळणाऱ्या चुलवणापासून (मोठ्या भट्टीपासून) लांबच बसतील.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व पालकांची लेखी संमती जोडून प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत पाठवला. तो ‘सक्षम अधिकाऱ्याची मान्यता जोडावी’ एवढ्याच शेऱ्यासह परत आला. गाळप हंगाम संपण्यापूर्वी सुरुवात व्हावी, ही मनापासून इच्छा आहे.

वेळापत्रकातील एवढ्या बदलाला गटशिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता पुरते, की शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांची मान्यता आणि डाएटचा (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचा) अभिप्रायही लागतो?