नाव एकच, जनुकं वेगळी

एका जातीची, एकच खाद्य खाणारी डुकरं, म्हणजे सगळ्यांच्या आतड्यात जीवाणूही तेच असणार, असं म्हटलं जातं, पण ते मला अर्धंच पटतं. प्रजातींची यादी बरीचशी सारखी निघेलही, पण खरी गंमत प्रजातीच्या आत आहे.

आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणूच घ्या. त्याच्या एका वाणात (म्हणजे प्रजातीतल्या एका उपप्रकारात) साधारण साडेचार-पाच हजार जनुकं असतात, पण सगळ्या वाणांत सामाईक असलेली त्याहून बरीच कमी. उरलेली येती-जाती! त्यामुळे एक वाण पिल्लाच्या पोटात निमूट राहतो, तर एफ-४ नावाचे केसासारखे तंतू आणि विष तयार करणारा दुसरा वाण आतड्याच्या भिंतीला चिकटून दूध तोडल्यानंतरची हगवण लावतो. त्यातही काही पिल्लांच्या आतड्यात या तंतूंना धरायला जागाच नसते, आणि तो गुण आनुवंशिक असतो. म्हणजे यजमानाची, इथे डुकराची, जनुकंही खेळात आहेतच.

यात प्रतिजैविकांच्या मुद्द्याचीही भर घालतो. कॉलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याची ताकद जीवाणूला देणारं एमसीआर-१ हे जनुक प्लास्मिडवर असल्याचं २०१५ साली चीनमधून जाहीर झालं, तेही डुकरांमधल्या ई. कोलायच्या तपासणीतून. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. ते शेजारच्या जीवाणूला, कधी दुसऱ्या प्रजातीलाही, देता येतं. त्यामुळे नुसती प्रजाती मोजणारी चाचणी (१६एस, म्हणजे जीवाणूचं एकच ओळखीचं जनुक वाचणारी) इथे तोकडी पडते. तिला हे जनुक दिसतच नाही, त्यासाठी त्या जनुकाची वेगळी चाचणी करावी लागते किंवा सगळा डीएनए वाचावा लागतो.