सांगलीत दिवाणी वकिली चालू आहे, पुढे अपिलं ऐकणारा न्यायाधीश व्हायचंय: परीक्षा द्यावी की बारमध्येच थांबावं?

येरळाकाठ_तासगाव

तासगाव कोर्टात दीड वर्ष दिवाणी प्रॅक्टिस, वय २६. सनद नियमित आहे, बारची परीक्षा झाली आहे. ओढा मूळ दाव्यांपेक्षा अपिलाच्या कामाकडे आहे. खालच्या कोर्टाने पुरावा नीट वाचला का, कायदा बरोबर लावला का, हे तपासायचं काम. अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधीशासाठी वेगळी भरती असते का? दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची परीक्षा द्यावी, थेट जिल्हा न्यायाधीशासाठी थांबावं, की हायकोर्टात प्रॅक्टिस करावी? कोल्हापूरला सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं हायकोर्टाचं पीठ) आल्यावर या हिशोबात काही बदललं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

सातारा_दिवाणी

ताई, अपिलासाठी वेगळं पद नाही आणि वेगळी परीक्षाही नाही. अपील हे काम आहे, ते दोन पायऱ्यांवर चालतं. पहिली पायरी जिल्हा न्यायालय. दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावरची (दाव्याच्या अंतिम आदेशावरची) बहुतेक पहिली अपिलं तिथेच, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली. दुसरी पायरी हायकोर्ट: मोठ्या रकमेच्या दाव्यांची पहिली अपिलं आणि कलम १०० खालची दुसरी अपिलं. म्हणजे सांगली, इस्लामपूर, सातारा, कऱ्हाड इथले जिल्हा न्यायाधीश अपिलाचे न्यायाधीश आहेतच. फक्त त्याच बोर्डावर सेशन केसेस, जामीन, मोटार अपघाताचे दावे असतात. दिवसभर निव्वळ अपील ऐकायला मिळणं हायकोर्टातच, आणि तिथेही रोस्टर, म्हणजे कुणी कुठली प्रकरणं ऐकायची ते, मुख्य न्यायाधीश ठरवतात.

आता वाटा. कनिष्ठ स्तराची भरती एमपीएससीमार्फत होते: पूर्वपरीक्षा १०० गुण, मुख्य परीक्षा प्रत्येकी १०० गुणांचे दोन पेपर, मुलाखत ५० गुण. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरायची, असंही त्यात सांगितलं आहे. तुमची दीड वर्षं झालीत, म्हणजे अजून तेवढीच काढायची आहेत. जाहिरात आली की वयाची आणि अनुभवाची अट तिच्यातूनच वाचा, क्लासच्या पत्रकावरून नको. निवड झाली की प्रशिक्षण उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत.

दुसरी वाट थेट जिल्हा न्यायाधीश. ही भरती हायकोर्ट स्वतः करतं. घटनेच्या अनुच्छेद २३३ प्रमाणे ७ वर्षांची वकिली लागते. ९ ऑक्टोबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सेवेतल्या न्यायाधीशांनाही हे दार उघडलं: वकिली आणि न्यायिक सेवा मिळून ७ वर्षं, आणि अर्जाच्या वेळी वय किमान ३५. वकिलीत खंड असेल तर इथे अर्ज अडतो. मध्येच दोन वर्षं कंपनीत नोकरी केली असेल तर वर्षं पुन्हा मोजावी लागतात.

तिसरी वाट सेवेतूनच बढतीची. जिल्हा न्यायाधीशांच्या ५० टक्के जागा ज्येष्ठता-गुणवत्तेवर, २५ टक्के थेट आणि २५ टक्के सेवेतल्यांच्या मर्यादित स्पर्धा परीक्षेतून. या परीक्षेसाठी वरिष्ठ स्तरावर ३ वर्षं आणि एकूण ७ वर्षं सेवा पुरेशी, हेही त्याच मे महिन्याच्या निकालात आहे. पूर्वी स्पर्धा परीक्षेचा हा कोटा १० टक्क्यांवर आणला होता, त्यामुळे हुशार माणूस ज्येष्ठता यादीत अडकून पडायचा. आता तसं होऊ नये.

वयाचा हिशोब कागदावर मांडाच, बरेच जण तो मांडत नाहीत. हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. २८ व्या वर्षी कनिष्ठ स्तरावर रुजू झालेला माणूस नुसत्या ज्येष्ठतेवर गेला, तर जिल्हा न्यायाधीश होऊन हायकोर्टापर्यंत पोचेपर्यंत पंचावन्नच्या पुढे जातो. हातात चार-सहा वर्षं राहतात. बारमधून ४७-४८ व्या वर्षी गेलेल्याला चौदा-पंधरा वर्षं मिळतात. म्हणून माझं मत: हायकोर्टच गाठायचं असेल तर कनिष्ठ स्तराची वाट लांबची आहे, आणि अपिलाचं कामच करायचं असेल तर ती उत्तम आहे. या दोन वेगळ्या इच्छा आहेत. आधी त्या वेगळ्या करा.

पगाराचे आकडे लोक उगाच दबक्या आवाजात सांगतात. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन कनिष्ठ स्तराला ७७,८४० रुपये, वरिष्ठ स्तराला १,११,०००, जिल्हा न्यायाधीशाला १,४४,८४०. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना २,२५,०००. भत्ते वेगळे.

---

निशाणी_वाचक

वाटांचं वरती आलंय. कामाबद्दल लिहितो, कारण पद मिळाल्यावर माणूस अडतो तो तिथे.

पहिल्या अपिलाचं निकालपत्र कसं असावं हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ३१ मध्ये चार ओळींत आहे: ठरवायचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय, त्याची कारणं, आणि हुकूमनामा फिरवला तर मिळणारी दाद. दिसायला सोपं. पण बरेच निकाल वरच्या कोर्टात टिकत नाहीत ते इथेच. "खालच्या कोर्टाने पुराव्याचा योग्य विचार केला आहे, हस्तक्षेपाचं कारण नाही" एवढ्यावर अपील फेटाळलं, की दुसऱ्या अपिलात ते प्रकरण परत आलंच म्हणून समजा. पहिलं अपील कोर्ट हे वस्तुस्थितीचं शेवटचं कोर्ट आहे. साक्षीदाराची उलटतपासणी स्वतः वाचून, निशाणी (पुराव्यातल्या कागदाच्या) क्रमांकासह, आपलं मत लिहावं लागतं. निकाल कायम करताना कारणं थोडी कमी चालतील, फिरवताना खालच्या कोर्टाच्या प्रत्येक कारणाला उत्तर द्यावं लागतं. संतोष हजारी प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केलाय. तो निकाल पाठ असला पाहिजे.

दुसरी घसरण फेरविचारासाठी परत पाठवण्याची. रेकॉर्डवर पुरावा पुरेसा असेल तर कोर्टाने स्वतः निकाल द्यायचा, नियम २४ तेच सांगतो. एखादाच मुद्दा काढायचा राहिला असेल तर नियम २५ खाली तेवढ्यापुरता निष्कर्ष मागवता येतो आणि अपील आपल्याकडेच राहतं. अख्खा दावा परत पाठवला की बांधावरचे दोन भाऊ पुन्हा शून्यावर येतात. तिसरी घसरण नियम २७ ची. अपिलात नवा कागद घ्यायला तीनच दारं आहेत: खालच्या कोर्टाने चुकीने नाकारला, पुरेशी धडपड करूनही तेव्हा मिळाला नाही, किंवा निकाल देण्यासाठी कोर्टालाच हवा आहे. "वकिलांच्या नजरेतून राहिला" हे चौथं दार नाही. आणि असा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीबरोबर ऐकायचा असतो. आधीच निकाली काढला तर तोच पुढे आक्षेपाचा मुद्दा होतो.

दुसऱ्या अपिलात कायद्याचा ठोस प्रश्न आधी शब्दांत मांडावा लागतो. अपील मेमोत वीस प्रश्न असतात, त्यातले सतरा वस्तुस्थितीचे. ते चाळून नेमका एक प्रश्न काढणं हेच खरं कसब.

आपल्या भागातला एक कागद बघा. "मुदत खरेदीखत". जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव, सगळीकडे जुन्या पेटीत हा सापडतो. शेतकऱ्याने दुष्काळात पैसे घेतले, पाच वर्षांत परत दिले की जमीन फिरवून द्यायची, असा मजकूर. हे गहाण की विक्री? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८(सी) म्हणतं, परत देण्याची अट त्याच दस्तात हवी, तरच ते सशर्त विक्रीचं गहाण ठरू शकतं. अट वेगळ्या कागदावर असेल तर गहाण म्हणता येत नाही. अट त्याच दस्तात असली तरी पुढे पक्षकारांचा हेतू बघावा लागतो: ताबा कुणाकडे गेला, किंमत बाजारभावाच्या मानाने किती, फेरफार कधी पडला, सातबाऱ्याला नाव कुणाचं. आता हायकोर्टाच्या पेपरबुकात (न्यायाधीशांसाठी बांधलेल्या कागदपत्रांच्या संचात) या दस्ताच्या शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर नुसतं "सेल डीड" असं गेलं, तर मूळ वादच पहिल्या पानावर पुसला जातो. तसंच "वहिवाट". एका साक्षीत तो ताबा असतो, पुढच्या साक्षीत जाण्यायेण्याचा रस्ता. भाषांतरकार दोन्हीकडे एकच शब्द घालतो. मराठी मूळ उघडून बघणारा न्यायाधीश इथे चूक धरतो. तालुक्याच्या कोर्टात दिवस काढलेल्या माणसाची ही मोठी जमेची बाजू आहे, ती कमी लेखू नका.

---

पेपरबुक_कोल्हापूर

बारमधून जाण्याबद्दल आणि बेंचबद्दल.

अनुच्छेद २१७ प्रमाणे हायकोर्टात १० वर्षांची वकिली किंवा १० वर्षं न्यायिक पद, ही किमान पात्रता. त्यासाठी अर्ज नसतो. हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती नाव सुचवतात. राज्य सरकारचं मत, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, कायदा मंत्रालय, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायमूर्तींचं निवड मंडळ), मग राष्ट्रपतींचं अधिपत्र. वकिलाचं गेल्या काही वर्षांचं उत्पन्न आणि ज्या प्रकरणांत तो उभा राहिला त्यांचे निकाल मागवले जातात, सेवेतल्यांची निकालपत्रं आणि गोपनीय अहवाल. सुरुवातीची नेमणूक साधारणपणे अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून, दोन वर्षांपर्यंत, मग कायम. मुंबई हायकोर्टाची मंजूर पदं ९४ आहेत. प्रथेने दोन तृतीयांश बारमधून, एक तृतीयांश सेवेतून. नाव गेलं म्हणजे झालं असं नाही. फाईल मध्ये कुठेही थांबू शकते, म्हणून त्या आशेवर प्रॅक्टिस आखू नये.

साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर १९२६ साली मुंबई हायकोर्टाच्या अपील शाखेत वकिलीला लागले, १९४५ ला तिथेच न्यायमूर्ती झाले आणि १९६४ ला देशाचे सरन्यायाधीश. मुफसलची (मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतली) अपिलं लढवून तयार झालेलं नाव आहे ते. अडचण अशी होती, की सांगली-साताऱ्याच्या वकिलाला त्यासाठी मुंबईत बिऱ्हाड करावं लागायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं, आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे जातात. सांगलीहून अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. तासगावात दावा चालवणारा वकील स्वतःच्याच प्रकरणातलं दुसरं अपील स्वतः उभा राहून चालवू शकतो. तुमच्या प्रश्नात खरा बदल हाच आहे. मात्र घाई नको. हायकोर्टात ॲडमिशनच्या (अपील दाखल करून घ्यायचं का हे ठरण्याच्या) टप्प्यावर पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात कायद्याचा प्रश्न मांडता आला नाही तर अपील तिथेच संपतं.

---

येरळाकाठ_तासगाव

तिघांचेही मनापासून आभार. इच्छा वेगळ्या करून पाहिल्या. मला अपिलाचं काम हवंय, पद कुठलंही चालेल. म्हणजे कनिष्ठ स्तर आणि पुढे मर्यादित स्पर्धा परीक्षा. उरलेल्या दीड वर्षात काय करावं? आणि ३ वर्षांच्या वकिलीचा दाखला कोण देतं?

---

सातारा_दिवाणी

दाखला त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा किमान १० वर्षं प्रॅक्टिस असलेल्या वकिलाचा आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही. शेवटच्या आठवड्यात धावाधाव करू नका. वकीलपत्रावर सीनियरच्या खाली तुमचं नाव आणि सही आजपासून येऊ द्या, आणि हजेरीच्या रोजनाम्याच्या प्रती वर्षवार लावून ठेवा. नुसतं "अमुक वकिलांकडे काम करते" याला कागद नसतो.

---

निशाणी_वाचक

कामासाठी एक सवय लावा. सीनियरच्या कपाटातलं निकाल लागलेलं एक पहिलं अपील महिन्याला घ्या. अपील कोर्टाचं निकालपत्र बाजूला ठेवा. फक्त दावा, कैफियत, साक्षी, निशाण्या आणि खालचा निकाल वाचा. नियम ३१ प्रमाणे मुद्दे काढून दहा पानांत स्वतःचा निकाल हाताने लिहा, मग मूळ निकालपत्र उघडून कुठला पुरावा नजरेतून सुटला ते समासात टिपा. मुख्य परीक्षेच्या दिवाणी पेपरची तयारीही यातच होते. सुरुवातीची दोन अपिलं वाटपाची घ्या, ताबा आणि रस्त्याची नंतर. वाटपात वंशावळ आणि हिस्से आकड्यात येतात, त्यामुळे आपली चूक आपल्याला लगेच सापडते.