अनुभव धागा : लष्कराच्या ट्रेनिंग सेंटरवरची पहिली तिमाही आणि ‘उगाच आलो’

पोरं फौजेच्या भरतीसाठी दोन-दोन वर्षं पहाटे रस्त्यावर धावतात. निवड होते, गावात बॅनर लागतो. मग कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत, कुणी नाशिक रोडला आर्टिलरीत, कुणी कामठीला गार्ड्समध्ये, तर कुणी सागरला महार रेजिमेंटमध्ये पोचतो आणि आठवड्याभरात घरी फोन येतो, “आई, मला नाही राहायचं इथं.” साडेसतरा-अठरा वर्षांचं पोर असतं ते. जाणकारांनी लिहावं : अशा वेळी नेमकं करायचं काय? मनोधैर्याची भाषणं नकोत, उपयोगी पडेल ते सांगा.

निवृत्त हवालदार, ट्रेनिंग कंपनीत उस्ताद (प्रशिक्षक)

दिवसा घर आठवायला उसंतच नसते. पीटी, ड्रिल, वेपन ट्रेनिंग, फटिग (साफसफाईसारखी अंगमेहनतीची कामं) यांत संध्याकाळ होते. खरी वेळ रोल कॉल (रात्रीची हजेरी) ते लाइट ऑफ (दिवे मालवणं) ही, आणि रविवारची दुपार. रिकामे हात आणि आडवं अंग एकत्र आलं की मन गावाला निघतं. म्हणून रात्रीची ती वेळ कामाने भरा. उद्याची वर्दी लावा, बुटाला पॉलिश करा, पेटी आवरा, आणि हे बडीसोबत (जोडीदार रिक्रूटसोबत) करा. एकट्याने पॉलिश करणारा पोरगा अर्ध्या तासात रडवेला होतो. दोघं असले की बोलणं बुटावरून उद्याच्या परेडवर जातं.

अर्धं दुःख शरीराचं असतं, हे पोरांना कळत नाही. नवा बूट टाच सोलतो. फोड आला की पोरगा लंगडतो, लंगडला की मागे पडतो, मागे पडला की रगडा (शिक्षेची कसरत) मिळतो आणि रात्री वाटतं, घर सोडलं हीच चूक झाली. मूळ बुटात होतं. बूट मिळाल्यावर रोज संध्याकाळी थोडा वेळ जाड मोजे घालून चालवा. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, ओला मोजा दुसऱ्या दिवशी चढवू नका. फोड फोडू नका, एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) दाखवा. लंगरमधलं (जवानांच्या भोजनगृहातलं) जेवण पहिल्या आठवड्यात घशाखाली उतरत नाही, तरी ताट टाकायचं नाही. उपाशीपोटी पीटीला चक्कर येते, आणि चक्कर आली की पोराला वाटतं आपण या कामाचेच नाही.

बेळगावच्या पोरांबद्दल वेगळं सांगतो. कोल्हापूरकराला घर दोन-अडीच तासांच्या वाटेवर असतं, आणि ते जास्त जाचतं. लांबचा पोरगा लवकर मान्य करतो की आता जाता येत नाही. जवळचा रोज हिशेब करत बसतो, आत्ता निघालो तर जेवायला घरी. घरच्यांनीही मुद्दाम गेटवर येऊन उभं राहू नये. भेटीची परवानगी असेल त्याच दिवशी यावं.

जवानाची बहीण

फोनबद्दल लिहिते. बहुतेक सेंटरमध्ये रिक्रूटला फोन ठरलेल्या वेळी मिळतो, अनेकदा रविवारी, आणि तोही थोडा वेळ. त्यात घरातले पाच जण “जेवलास का?” एवढंच विचारतात आणि वेळ संपते. आधी ठरवा की या रविवारी बोलणार दोघंच. आईला पहिली दोन मिनिटं द्या, कारण तिचा आवाज ऐकल्याशिवाय तो बाकी काही ऐकत नाही. मग त्याला बोलू द्या. तो गप्प झाला तर घाईने दुसरा विषय काढू नका.

“तुझ्यावाचून घर खायला उठतं” हे खरं असलं तरी फोनवर नको. तो फोन ठेवून परत बराकीत जाणार असतो. त्याऐवजी रोजचं सांगा : बोअरला पाणी किती आहे, गाय कधी विणार, धाकटीची परीक्षा कशी गेली. घर नीट चाललंय हे त्याला दिसलं पाहिजे. पण गंभीर आजार किंवा मृत्यू लपवू नका. नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं की पोरगा घरच्या प्रत्येक “सगळं ठीक आहे”वर संशय घेतो. अशी बातमी आधी कंपनी ऑफिसला कळवा, म्हणजे त्याला सांगताना शेजारी उस्ताद असतील आणि सुट्टीचा विचारही तिथेच होईल.

पत्रं जरूर लिहा. फोन रविवारी संपतो, पत्र पेटीत राहतं. पुढे युनिट ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’वर (एपीओ म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस) असेल तर नंबर, रँक, नाव, युनिट आणि एपीओ एवढाच पत्ता. ठिकाणाचं नाव लिहायचं नाही.

निवृत्त सुभेदार

कित्येकदा ‘घर आठवतं’च्या मागे बांधाचं भांडण असतं. बाप एकटा, चुलत्याने बांध कोरलाय, आणि पोराला वाटतं मी असतो तर हे झालं नसतं. यावर रडण्यापेक्षा अर्ज करा. अर्जी रिपोर्टला (जवानांच्या विनंत्या ऐकण्याच्या वेळी) कंपनी कमांडरपुढे जा, सातबारा आणि तक्रारीची प्रत जोडा. युनिटकडून जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र जातं. घरच्यांनी त्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. पत्र गेलं म्हणजे निकाल लागला असं नाही, पाठपुरावा घरच्यांनाच करावा लागतो. पण बाप एकटा नाही हे पोराला कळतं, आणि झोप लागते.

आता सोडून येण्याबद्दल. अग्निवीराला (चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाला) स्वतःच्या विनंतीवरून चार वर्षांआधी सहसा सोडत नाहीत, अगदी अपवादानेच परवानगी मिळते. तसं सुटलं तर सेवा निधीतला (जवानाच्या पगारातून कापलेली रक्कम आणि सरकारचा वाटा मिळून होणाऱ्या निधीतला) स्वतःचा जमा भाग व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा नाही. भिंत ओलांडून पळणं तर करूच नका. आर्मी अ‍ॅक्ट १९५० मध्ये विनापरवाना गैरहजेरी कलम ३९ खाली आणि पलायन कलम ३८ खाली गुन्हा आहे. तीस दिवस गैरहजर राहिलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) बसते. पोरगा घरी आलाच तर घरच्यांनी लपवू नये. त्याच दिवशी युनिटला फोन करून परत पाठवावं. दोन दिवसांची गैरहजेरी आणि दोन महिन्यांची, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट

घराची ओढ साधारणपणे चढउतार करते. खेळात पोरगा हसतो, रात्री रडतो. याची भीती नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, खेळातही चेहरा कोरा, बडीशी बोलणं बंद, स्वतःच्या वस्तू वाटून टाकणं, “मी नसलो तर बरं” असं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर ती नुसती घराची आठवण नाही. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर त्याच क्षणी सांगायचं. बडीने गुपित राखू नये, उस्तादांना सांगावं, एमआय रूमला घेऊन जावं, तोवर त्याला एकटं सोडू नये. घरच्यांना फोनवर शंका आली तर रविवारची वाट न पाहता कंपनी ऑफिसला कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. युनिटचे धर्मगुरूही मोठा आधार असतात. मंदिर परेडनंतर त्यांच्याशी बोलायला कसली परवानगी लागत नाही, आणि ते शेरा लिहीत नाहीत म्हणून पोरं मोकळी होतात.

जवानाची बहीण

एक राहिलं. पहिल्या सुट्टीहून परत जाताना ओढ पुन्हा पहिल्या दिवसाइतकीच येते, कधी जास्तच. परतीचं तिकीट सुट्टी मंजूर होताच काढा, हजर व्हायच्या आदल्या दिवशी पोचेल असं. निघायच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरू नका. सुट्टीत आजारी पडला तर गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर बसून राहू नका. युनिटला कळवा आणि जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला दाखवून तिथली नोंद घ्या.