मोबाईलचा नकाशा आणि वेगळा एमपीथ्री प्लेअर, दोन्ही बाईकच्या एकाच अँपवर (अँप्लिफायरवर) कसे जोडावेत?

तापीकाठ_भुसावळ
राम राम मंडळी. ३५० सीसी बाईकवर २० वॅटचे दोन चॅनल असलेला अँप आणि हँडलला दोन स्पीकर आहेत. ऑक्सचं इनपुट (३.५ मिमीची पिन घालायची जागा) एकच. गाणी प्लेअरवर, नकाशा मोबाईलवर. वाय वायरने दोन्ही एकत्र जोडले की आवाज दबतो आणि फाटतो. शिवाय मोबाईल चार्जिंगला लावला की रेसबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येते. काय बदलावं? फिरणं भुसावळ-धुळे आणि तोरणमाळ घाटाकडे.

वायरमन_धुळे
भाऊ, दोन्ही त्रासांची कारणं वेगळी आहेत.

आधी शिट्टी. गाडी चालू ठेवून फक्त चार्जिंगची पिन काढा. शिट्टी थांबली तर तो ग्राउंड लूप. मोबाईलला मायनस दोन वाटांनी मिळतोय, एक चार्जरमधून आणि दुसरा ऑक्स वायरच्या शिल्डमधून (सिग्नलभोवतीच्या जाळीतून). दोन्ही जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, तोच अँप मोठा करून ऐकवतो. पिन काढूनही शिट्टी राहिली तर अँपच्या सप्लायमध्ये दोष शोधा. शिट्टीऐवजी टकटक येत असेल तर स्पार्क प्लग पाहा, तो रेझिस्टरवाला हवा.

इलाज असा: अँप आणि चार्जर दोघांचे मायनस थेट बॅटरीच्या मायनसवर, एकाच बोल्टला. रंग लावलेल्या चेसीला अर्थिंग देऊ नका. प्लस बॅटरीवरून, चार पायांच्या रिलेतून (चावीच्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). ३० नंबरवर बॅटरी, ८७ वरून अँप आणि चार्जर, ८५ ला मायनस, ८६ ला चावी चालू केल्यावर येणारा करंट. बॅटरीच्या प्लसला लागूनच ७.५ अँपिअरचा फ्यूज, तिथून चार्जरच्या फाट्याला वेगळा ३ चा. अँपला १.५ चौरस मिमी वायर, चार्जरला ०.७५ पुरते. फ्यूज बॅटरीपासून लांब बसवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही.

एवढं करूनही बारीक शिट्टी राहिली तर ऑक्सच्या वायरमध्ये ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातला बास खातो, म्हणून तो शेवटी.

हेडलाइटच्या वायरवरून चार्जर कधीच घेऊ नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे एसी करंट असतो, चार्जर जळतो.

गिरणा_चाळीसगाव
आता वाय वायर. ती एका आउटपुटचे दोन करायला असते. उलटी लावली की प्लेअर आणि मोबाईल एकमेकांच्या आउटपुटवर लोड टाकतात, म्हणून आवाज दबतो. चारही सिग्नल वायरींत (मोबाईलच्या डाव्या-उजव्या, प्लेअरच्या डाव्या-उजव्या) एकेक १ किलो-ओहमचा पाव वॅट रेझिस्टर टाका, मग डाव्यांना डाव्या आणि उजव्यांना उजव्या जोडा. शिल्ड एकत्र. आवाज साधारण निम्मा होईल, तो अँपच्या गेनवर (आवाज किती मोठा करायचा ते बटण) भरून काढा. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रेझिस्टर चिल्लर पैशांत मिळतात. जोड टाक्याचे करा, वरून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी). आपल्याकडच्या उन्हात काळी टेप चिकट होऊन सुटते.

मोबाईलचा आवाज ८०-९० टक्क्यांवर आणि अँपचा गेन लागेल तेवढाच. उलटं केलंत तर खरखर वाढते.

तरी माझं स्पष्ट मत, प्लेअर काढाच. गाणी मोबाईलमध्येच भरली की वळण सांगताना फोन स्वतःच गाणं हळू करतो. रेझिस्टरच्या जोडणीत ते होत नाही, गाणं मोठं असलं की सूचना बुडते.

सातपुडा_शहादा
मग ब्लूटूथ रिसीव्हर का नको? वायरच वाचते.

गिरणा_चाळीसगाव
चालेल, फक्त काही गोष्टी तपासा. काही ॲप सूचना फोन कॉलच्या वाटेने पाठवतात, आणि नुसतं संगीत घेणारा रिसीव्हर तेव्हा गप्प राहतो. गूगल मॅप्सच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथवरून आवाज देण्याचा पर्याय चालू हवा. गाणं बंद असताना रिसीव्हर झोपतो आणि सूचनेचा पहिला शब्द कापला जातो. "डावीकडे" मधलं "डावी" गेलं तर चौफुलीवर काय कामाचं? रिसीव्हरही बाईकच्याच यूएसबीवर चालवला तर शिट्टी परत येऊ शकते.

वायरमन_धुळे
तोरणमाळला जाताना नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा, सातपुड्यात नेटवर्क मध्येच जातं.

आणि ऊन! मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ अंशांच्या वर पारा जातो. ॲपल आयफोन वापरायला हवेचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. थेट उन्हात स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. त्यामुळे बंद झिप पाऊच नको, उघडा होल्डर घ्या, आणि वायरलेस चार्जिंगवाला टाळा, तो स्वतःच गरम होतो. होल्डरखाली रबरी डॅम्पर हवाच. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असं ॲपलने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे.

तापीकाठ_भुसावळ
कळलं. प्लेअर काढतो, मायनस एका बोल्टवर आणतो. इंजिन बंद असताना अँप किती वेळ चालेल?

वायरमन_धुळे
बॅटरीवर किती अँपिअर-अवर लिहिलंय ते पाहा. ८ ची असेल आणि अँप सरासरी १ अँपिअर ओढत असेल, तर दोन तासांपुढे जाऊ नका. फक्त सेल्फ असलेली गाडी असेल तर एकच तास.