सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस, घरभर माणसं आणि बागेचा केक: तयारी कशी बसवू?

रानजाई:
सासूबाईंना येत्या रविवारी ७५ पूर्ण होतायत. शुक्रवारी संध्याकाळपासून सगळे येणार, दोन्ही दीर-जावा, नणंद आणि तिच्याकडचे, मिळून २० माणसं होतील आणि त्यातली मुलं ४ वर्षांपासून १४ वर्षांपर्यंत. आईंचा जीव बागेत असतो, सकाळचा पहिला तास त्या कुंड्यांपाशीच, म्हणून केकवर बाग करायचीय, म्हणजे फुलं, पानं, एखाददुसरा लेडीबग वगैरे. स्पंज मला चांगला जमतो, हँड बीटर आहे, क्रीमची नोझल्स म्हणाल तर चांदणीचं १एम, पाकळ्यांचं १०४ आणि पानांचं ३५२ आहे. पण मजल्यांचा किंवा पूर्ण फॉन्डंट (कणकेसारखं लाटता येणारं साखरेचं आयसिंग) लावलेला केक कधी केला नाहीये.

मला विचारायचंय ते असं की बेक कधी करू, आयसिंग कोणतं घेऊ (उकाडा आहे आणि त्यात फ्रीज जेवणाच्या भांड्यांनी भरलेला असणार), केवढा केक लागेल, आणि मुख्य म्हणजे सगळी नातवंडं विचारतायत की आम्ही काय करायचं, तर त्यांना खरंच काहीतरी करायला मिळायला हवं, नुसतं वरून दोन दाणे भुरभुरवण्यापुरतं नाही. शिवाय शनिवार-रविवार मी ओट्यापाशी उभी आणि बाकी सगळे बाहेर गप्पा मारतायत असं मला नकोय, इतक्या दिवसांनी सगळे भेटणार आहेत. नणंद म्हणतेय बागेतली ताजी फुलंच लावू, तेही चालेल का सांगा.

चमचाभर:
२० जणांना ८ इंची गोल, ३ थरांचा उंच केक पुरतो, मजले वगैरे करायच्या फंदात पडूच नका. तुमची नेहमीची कृती ६ इंचीची असेल तर साधारण पावणेदोन पट करा, कारण हिशोब व्यासाचा नाही तर क्षेत्रफळाचा असतो, ३६ चे ६४ होतात. आणि सगळं मिश्रण एकाच खोल टिनमधे ओतण्यापेक्षा तीन टिनमधे वाटून बेक करा, मधला भाग कच्चा राहून कडा कोरड्या पडण्याची भीती नाही. टिनभोवती ओल्या कापडाची पट्टी गुंडाळली की कडा हळू शिजतात आणि वर घुमट येत नाही, कापाकापी वाचते.

आता वेळ. स्पंज बुधवारीच करून टाका. बटर स्पंज फ्रीझरमधे अगदी छान राहतो, पण पूर्ण गार झाल्यावरच क्लिंग फिल्मचे दोन वेढे घट्ट घालून ठेवायचा, कोमट असताना गुंडाळलात तर आत पाणी सुटतं. शनिवारी सकाळी बाहेर काढा आणि फिल्म न सोडता तसाच वितळू द्या म्हणजे दव फिल्मवर धरतं, केकवर नाही. किंचित गार असतानाच थर लावा, चुरा कमी सुटतो. प्रत्येक थरावर साखरेचा पाक (पाणी आणि साखर समसमान, उकळून गार केलेला) ब्रशने लावा, फ्रीझरमधून आलेल्या स्पंजला तो हवाच. मग पातळसा क्रम्ब कोट (चुरा धरून ठेवणारा आयसिंगचा पहिला हात), अर्धा तास फ्रीज, वर मुख्य थर. शनिवारी तुमचे दोन तास जातील, त्यातला निम्मा वेळ तर केक फ्रीजमधे असतो आणि तुम्ही गप्पांत.

फ्रीजमधे एका कप्प्याची जागा मात्र आत्ताच मोजून ठेवा. ३ थर अधिक बोर्ड म्हणजे उंची ६-७ इंच होते.

पाकातली:
आयसिंगबद्दल मी लिहिते कारण उकाडा म्हणालात. व्हिप्ड क्रीम नको. ते सतत फ्रीजमधे लागतं आणि त्यावर फॉन्डंटची फुलं ठेवली की ओल शोषून विरघळायला लागतात, रविवारी दुपारपर्यंत पाकळ्यांचे रंग ओघळलेले दिसतील.

माझं मत स्विस मरँग बटरक्रीमला. वजनाने १:२:३ लक्षात ठेवा, म्हणजे १५० ग्रॅम अंड्याचा पांढरा, ३०० ग्रॅम साखर, ४५० ग्रॅम बटर. पांढरा आणि साखर उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात ढवळत ७१ अंश सेल्सियसपर्यंत न्यायचं, मग भांडं हाताला गार लागेपर्यंत फेटायचं, आणि मग बटर थोडं थोडं. मधे एकदा ते फाटल्यासारखं दिसतं तेव्हा घाबरून टाकून देऊ नका, फेटत राहा, जुळून येतं. पातळ सूप झालं तर बटर कोमट होतं, भांडं १०-१५ मिनिटं फ्रीजमधे आणि परत फेटा. कमी गोड असतं त्यामुळे मोठ्या माणसांनाही आवडतं. आदल्या दिवशी करून ठेवता येतं, वापरायच्या आधी खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा फेटायचं.

खूपच उकाडा असेल तर बाहेरून गनाश (गरम क्रीममधे वितळवलेलं चॉकलेट) लावा, डार्क चॉकलेट असेल तर क्रीमच्या दुप्पट, व्हाइट असेल तर तिप्पट. रात्रभर झाकून बाहेर ठेवलं की लावण्याइतकं घट्ट होतं आणि लावल्यावर बटरक्रीमपेक्षा जास्त तग धरतं. बागेच्या मातीसाठी डार्क गनाश तर आयताच रंग आहे की.

रंग जेलचेच घ्या, पाण्याच्या रंगांनी क्रीम सैल पडतं. रंग दोन शेड फिका ठेवून थांबा, काही तासांत तो आपोआप गडद होतो, लाल आणि हिरवा विशेष. आणि बाटलीतला हिरवा तसाच वापरला तर प्लॅस्टिकचं पान दिसतं, त्यात टोकभर ब्राउन आणि थोडा पिवळा घाला, मग खरं पान दिसेल. दोन-तीन वेगवेगळे हिरवे एकाच पायपिंग बॅगेत भरून ३५२ ने पानं काढून बघा, फार सुंदर येतात!

तिसरामजला:
मुलांचं मी सांगतो, आमच्याकडे हे दरवर्षी चालतं. केकवर थेट एकाच वेळी सगळ्यांना सोडू नका, एका ८ इंची केकभोवती इतके हात मावतच नाहीत आणि धाकटी मुलं मागे राहतात. शुक्रवारी संध्याकाळी जमलात की डायनिंग टेबलावरच फॉन्डंटची फुलं करायला बसवा. पाव किलो फॉन्डंटमधे १ चहाचा चमचा सीएमसी पावडर (खायचा डिंक) मळायची, त्याने फुलं रात्रीत कडक वाळतात. पातळ लाटायचं, प्लंजर कटरने (दाबून फूल बाहेर पाडणाऱ्या साच्याने) कापायचं आणि अंड्यांच्या ट्रेमधे बटर पेपर घालून त्या खळग्यांत वाळत ठेवायचं म्हणजे पाकळ्या वर वळलेल्या राहतात. फ्रीजमधे नाही आणि बंद डब्यातही नाही, ओल धरतात, उघड्यावरच. ज्या गोळ्याचं काम चालू नाही तो मात्र फिल्ममधे गुंडाळलेला, दहा मिनिटांत वरून तडकतो.

४-५ वर्षांच्यांना गोळे वळायला द्या. लाल गोळा, काळे ठिपके, झाला लेडीबग. पाच हिरवे गोळे ओळीत म्हणजे सुरवंट, दगड-गोटे तर काय कसेही चालतात. १२-१४ वाल्यांना खरोखरचं अवघड काम द्या, बटर पेपरवर १०४ ने बटरक्रीमचे गुलाब काढून फ्रीझरमधे घट्ट करायचे आणि सुरीने उचलून केकवर बसवायचे, बिघडलं तर खरवडून परत, केकला धक्का नाही. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपापली वस्तू स्वतःच्या हाताने केकवर लावायची, आणि जागाही त्यानेच ठरवायची. मोठ्यांनी नंतर ती सरकवायची नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, मुलांच्या ते बरोब्बर लक्षात येतं. आजीला दाखवताना प्रत्येक जण आधी आपलाच सुरवंट शोधणार आहे.

फॉन्डंटचे तुकडे जोडायला टूथपिक घालू नका, खाताना तोंडात गेली तर? कच्ची स्पगेटी मोडून घाला, नाहीतर पाण्याचा एक थेंब पुरतो.

रानजाई:
किती छान लिहिताय सगळे, खूप आभार! म्हणजे फॉन्डंट फक्त फुलांपुरतं आणि बाहेरून गनाश, हे मला एकदम पटलं, अख्खा केक फॉन्डंटने मढवायचं दडपणच गेलं. एक राहिलं, धाकट्या जाऊबाई अंडं खात नाहीत आणि जिलेटिनही नाही. त्यांच्यासाठी वेगळा छोटा केक केला तर त्यांना बाजूला काढल्यासारखं वाटेल का?

चमचाभर:
वेगळा करण्यापेक्षा सगळाच केक बिनअंड्याचा करा ना. दही आणि खायच्या सोड्याचा स्पंज तीन थर सहज पेलतो, फक्त एक छोटा टिन आधी करून बघा. आत भरायला स्विस मरँगऐवजी साधं बटरक्रीम, बटरच्या दुप्पट आयसिंग शुगर, चिमूटभर मीठ, ५ मिनिटं तरी फेटायचं. फॉन्डंटच्या पाकिटावर घटक वाचून घ्या, बऱ्याच फॉन्डंटमधे जिलेटिन असतं पण बिनजिलेटिनचंही मिळतं.

कोवळंऊन:
ताज्या फुलांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून घाईने लिहितेय. बागेतलं फूल आहे म्हणून ते केकवर चालेल असं अजिबात नाही. कण्हेर (पिवळी सुद्धा), धोतरा, घाणेरी, हायड्रेंजिया ही विषारी आहेत, ती नुसती शोभेला म्हणूनही क्रीमला टेकवायची नाहीत. देठाचा चीक क्रीममधे उतरतो आणि लहान मूल पाकळी तोंडात घालणारच. गुलाब, पॅन्सी, नॅस्टर्शियम, कॅलेंड्युला खाण्याजोगी आहेत पण त्यांच्यावर कीटकनाशक मारलेलं नसेल तरच. विकत आणलेल्या गुच्छातली फुलं फवारलेली असू शकतात म्हणून ती नकोच. सासूबाई स्वतः काय फवारतात हे त्यांना न कळू देता विचारता आलं तर बघा. नाहीतर ताजी फुलं केकच्या शेजारी फुलदाणीत ठेवा, फोटोत तितकीच छान दिसतील.

पाकातली:
कोवळंऊनला अनुमोदन, हे फार महत्त्वाचं आहे.

आणि रानजाई, केक कापायच्या दोन तास आधी फ्रीजबाहेर काढ, बटरक्रीम गार असताना खाल्लं तर नुसतं बटर खाल्ल्यासारखं लागतं. बाहेर आल्यावर फॉन्डंटच्या फुलांवर दव येईल, त्यांना बोट लावू नका, आपोआप सुकतं. कापताना त्रिकोणी तुकडे नकोत, एवढ्या उंच केकचे ते ताटलीत आडवे पडतात. इंचभर रुंदीच्या सरळ पट्ट्या काप आणि त्यांचे आडवे तुकडे कर, दर वेळी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून. २० जणांना सहज होऊन वर उरेल. आणि कापायच्या आधी मुलांनी केलेली फुलं-किडे उचलून एका ताटलीत काढून घे, ज्याचं त्याला परत द्यायला.